चोर नव्हे, चोर्रेआदोर!

नावात 'चोर' असला, तरी हा गृहस्थ कुणाचे काही चोरीत नाही. 'चोर्रेआदोर' म्हणजे मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिका देशात घरोघर ठाऊक असलेला, कॉफी गाळण्याचा लाकडी घोडा. 'चोर्रेआर' या स्पॅनिश क्रियापदाचा अर्थ धार लागणे. त्यावरून हे नाव. भाषा शिकवणे हा माझा पेशा, म्हणून मी आधी शब्दाच्या मागे लागलो आणि मग वस्तूच्या!

वस्तू म्हणाल तर आपल्या घडवंचीचा धाकटा भाऊ. खाली पाट, त्यावर उभा खांब आणि माथ्यावर भोक पाडलेली आडवी फळी. तारेच्या कड्याला शिवलेली सुती पिशवी त्या भोकात सोडायची, तिच्यात दळलेली कॉफी घालायची आणि कढत पाणी हळूहळू ओतायचे. खालच्या पेल्यात काळीभोर धार उतरते. जर्मनीत मेलिटा बेंट्झ या गृहिणीने १९०८ साली कागदी गाळणीचा हक्क नोंदवला खरा. पण कागद कॉफीतले तेल बरेचसे अडवतो, कापड त्यातले काही खाली जाऊ देते. म्हणून ही कॉफी अंगाने भरदार. पिशवीला साबण मात्र लावायचा नाही. लावलात, तर उद्याच्या कॉफीला त्याचा वास!

मग लाकडाचे काम काय? ते कॉफीला शिवतही नाही, नुसते सांभाळते. हे सांभाळणे त्या देशात जुनेच आहे. एकोणिसाव्या शतकात तिथली कॉफी बैलगाड्यांतून डोंगर ओलांडून पुंतारेनास बंदराला जाई. वाटेत १० ते १५ दिवस मोडत. चिखलात रुतू नयेत म्हणून चाके बिनआऱ्यांची, भरीव असत. २००८ साली युनेस्कोने ही बैलगाडीची परंपरा आपल्या वारसायादीत घेतली.

मी एका वयस्क मिस्त्रींकडून असा घोडा करवून घेतला. कित्येक वर्षे त्यांच्या वाट्याला प्लायवूडची कपाटेच येत होती. चित्र पाहून त्यांनी पहिला प्रश्न केला तो लाकडाविषयी नव्हे, तर पेला केवढा, हा! उंची ठरते पेल्यावरून आणि पाटाची रुंदी भरल्या पिशवीच्या वजनावरून; पाट आखूड पडला, तर कढत पाण्यासकट सारे कलंडायचे. ओलाव्याने गंजेल म्हणून त्यांनी एकही खिळा मारला नाही. पटाशीने खाचा पाडून सांधे बसवले.

वाचकहो, यंत्राची कॉफी लवकर होते, हे मला मान्य आहे. पण यंत्र बिघडले की ते पुष्कळदा अडगळीतच जाते. घोड्याचा सांधा ढिला झाला, तर तो ठोकून देणारा गल्लीत सापडतो. निदान अजून तरी!