काचबिंदू आणि डोळ्याच्या पडद्याचा फोटो

डोळ्यांच्या शिबिरात रांगेत बसलेल्या मंडळींना विचारून पाहावे की मोतीबिंदू आणि काचबिंदू यांत फरक कोणता? बरेच जण सांगतील, दोन्ही बिंदूच, एक आधी पिकतो, दुसरा मागाहून. इंदूर-ग्वाल्हेरकडे तर काचबिंदूला 'काला मोतिया' असेच म्हणतात, त्यामुळे घोटाळा आणखी वाढतो. मग घरातला कर्ता म्हणतो, "पिकू द्या, सुगी आटोपली की बघू." मोतीबिंदूच्या बाबतीत हे बहुधा निभावून जाते, कारण त्यात डोळ्यातले भिंग गढूळ झालेले असते आणि ते काढून नवे बसवले की दृष्टी परत येते. काचबिंदूत मात्र डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस वाळत जाते. वाळलेली नस कोणत्याही औषधाने वा शस्त्रक्रियेने पुन्हा जिवंत होत नाही. उरलेली तेवढी राखता येते. म्हणून येथे सुगीची वाट पाहणे म्हणजे नजर गमावणे होय.

रोगी वाट पाहतो याचे कारण आळस नव्हे, त्याला काही जाणवतच नाही हे आहे. सर्वसाधारण काचबिंदूत डोळा दुखत नाही, लाल होत नाही. नजर प्रथम कडेने जाते. समोरचे प्रार्थनापुस्तक वाचता येते, सुईत दोरा ओवता येतो, बाजारात नोट ओळखता येते, पण बाजूने येणारा बैल वा सायकल दिसत नाही. एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा भरून काढतो, त्यामुळे तीही ध्यानात येत नाही. नजरेच्या यंत्रावरील तपासणीत दोष दिसू लागेपर्यंत नसेतील चौथा ते तिसरा हिस्सा तंतू गेलेले असू शकतात.

पूर्वीपासून डॉक्टर डोळ्यातील दाब मोजत आले आहेत. डोळ्यात पाण्यासारखा द्रव सतत तयार होतो आणि बुबुळाच्या कडेच्या बारीक चाळणीतून बाहेर पडतो. पाटाचे तोंड तुंबले की वाफ्यात पाणी चढते, तद्वत ही चाळणी तुंबली की डोळ्यातील दाब चढतो आणि नसेवर ताण येतो. पाऱ्याचे 10 ते 21 मिलिमीटर हा दाब सामान्य धरतात. परंतु केवळ दाबावर विसंबून चालत नाही. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेने 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात आंध्र प्रदेशात मोठी नेत्रपाहणी केली. तिच्या हैदराबाद शहरातील भागात चाळिशीपुढील लोकांपैकी शेकडा अडीच जणांना हा सर्वसाधारण, म्हणजे उघड्या कोनाचा, काचबिंदू आढळला. त्यांतल्या दहापैकी नऊंहून अधिक जणांना आपल्याला हा रोग आहे याचा पत्ताच नव्हता. आणि विशेष म्हणजे सुमारे दोन तृतीयांश रोग्यांचा दाब तपासणीच्या वेळी 22 च्या आत होता. दाब मोजून "ठीक आहे" म्हणून घरी धाडले असते, तर ही सारी मंडळी सुटून गेली असती.

म्हणून नस प्रत्यक्ष पाहणे आले. शरीरातील एक नस चिरफाड न करता बाहेरून पाहता येते, ती डोळ्यातलीच. जर्मनीच्या हेल्महोल्ट्झ यांनी 1851 साली डोळ्यात डोकावण्याचे उपकरण जगापुढे ठेवले, आणि 1920 च्या दशकात डोळ्याच्या मागच्या पडद्याचा फोटो काढणारा कॅमेरा विक्रीस आला. त्यास फंडस कॅमेरा म्हणतात. आज तो टेबलावरचाही मिळतो आणि हातात धरण्याजोगा, फोनच्या आधारे चालणाराही मिळतो. त्यामुळेच ही तपासणी शहराबाहेर, शाळेच्या खोलीत वा चर्चच्या सभागृहात करता येऊ लागली आहे.

तपासणीत भीतीचे काही नाही. अंधाऱ्या खोलीत हनुवटी टेकवून बसायचे, एका खुणेकडे पाहायचे, आणि क्षणभर उजेड चमकतो. डोळ्याला काही लागत नाही. बाहुली लहान असल्यास ती मोठी करण्याचे थेंब घालतात. मग काही तास जवळचे धूसर दिसते आणि ऊन सहन होत नाही. तेव्हा त्या दिवशी मोटारसायकल स्वतः चालवत येऊ नये, मुलाला सोबत आणावे.

फोटोत पडदा नारिंगी दिसतो आणि त्यावर एक फिकट पिवळी चकती दिसते. नसेचे दहा-बारा लाख तंतू येथे गोळा होऊन डोळ्याबाहेर पडतात. चकतीच्या मध्यभागी एक खळगा असतो. चकती म्हणजे ताट आणि खळगा म्हणजे त्यातली वाटी, असे समजा. तंतू मरू लागले की ताटाची कड झिजते, विशेषतः वरच्या व खालच्या बाजूस, आणि वाटी मोठी होत जाते. वाटी ताटाच्या सहा-सात दशांशांहून रुंद असली, किंवा दोन डोळ्यांतल्या वाट्यांत ठळक फरक असला, तर डॉक्टरांना संशय येतो. कडेवर रक्ताची बारीक रेघ दिसली तरी ते सावध होतात. काही लोकांची वाटी मात्र जन्मतःच मोठी असते, आणि मोठ्या उणे नंबराच्या चष्मेवाल्यांची चकती वाकडी-तिकडी दिसते. एका फोटोवरून रोग ठरवण्याची घाई म्हणूनच कोणी करू नये.

शहरातील मोठ्या रुग्णालयांत याहून पुढचे यंत्र असते, ओसीटी नावाचे. त्याची पहिली माहिती 1991 साली प्रसिद्ध झाली. ते प्रकाशाच्या साह्याने पडद्याचे थर उभे कापल्यासारखे दाखवते आणि तंतूंच्या थराची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजते. कागदावर हिरवा, पिवळा, लाल असे रंग छापून येतात. लाल पाहून हाय खाऊ नये आणि हिरवा पाहून निर्धास्तही होऊ नये. यंत्र केवळ इतर निरोगी लोकांच्या सरासरीशी तुलना करीत असते.

हल्ली फोटो पाहून संगणकच "पुढे पाठवा" असे सांगतो. त्याबद्दल थोडा हिशेब मांडतो. समजा चाळिशीपुढच्या 1000 माणसांत 25 जणांना काचबिंदू आहे, आणि यंत्र शंभरात 95 वेळा बरोबर ठरते. ते 25 पैकी सुमारे 24 जणांना पकडील. पण उरलेल्या 975 निरोग्यांपैकी सुमारे 49 जणांनाही उगाच पुढे पाठवील. म्हणजे बोलावलेल्या 73 जणांत रोगी 24 च. चिठ्ठी हाती आली म्हणजे आंधळेपण आले असे नव्हे. तसेच दोघा शेजाऱ्यांना काही निघाले नाही म्हणून आपली चिठ्ठी चुलीत घालायचीही नाही. अशा कारणांमुळेच सर्व प्रौढांची सरसकट तपासणी करावी की नाही, यासाठी पुरेसा पुरावा नाही असे अमेरिकेच्या तज्ज्ञ मंडळाने 2022 साली म्हटले. आमच्या मते ज्यांना धोका अधिक, त्यांनी तरी वाट पाहू नये.

असे कोण? ज्यांच्या आईवडिलांना वा सख्ख्या भावंडांना काचबिंदू आहे ते सर्वप्रथम. ज्यांच्या डोळ्याला पूर्वी गुराच्या शिंगाचा, काठीचा वा चेंडूचा जोराचा मार बसला आहे ते, कारण त्यानंतर पुष्कळ वर्षांनीही दाब चढू शकतो. आणि जे दुकानातून आपल्या मनाने थेंब आणून घालतात ते. मळणीचा भुसा गेला, उसाचे पान लागले की औषधांच्या दुकानातून 'लाली जाण्याचे' थेंब आणायचे, ही आपली जुनी खोड आहे. त्यांत स्टेरॉइड असले तर लाली झटकन जाते, म्हणून तीच बाटली वर्षभर घरात फिरते. असे थेंब महिनोन्‌महिने घातल्याने दाब चढून काचबिंदू होतो, आणि पानाच्या जखमेत बुरशी शिरली असेल तर ती बळावते, ते निराळेच.

एका प्रकाराला हा फोटो उपयोगी नाही. काहींच्या डोळ्यात ती चाळणीची जागाच अरुंद असते व एकाएकी बंद पडते. डोळा लाल होऊन प्रचंड दुखतो, उलट्या होतात, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. त्या दिवशी कॅमेऱ्याची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे. ही अरुंद जागा आधी ओळखायला डॉक्टर खास काचेतून पाहतात.

रोग ठरलाच तर उपचार थेंब, लेसर किंवा शस्त्रक्रिया असे आहेत. थेंब बहुधा जन्मभर घालावे लागतात आणि त्याने काही अधिक दिसू लागत नाही, म्हणून लोक ते सोडतात. दम्याच्या रोग्याने आपला दमा डॉक्टरांना अवश्य सांगावा, कारण टिमोलॉलसारखे थेंब त्याला बाधतात.

फोटो काढला की त्याची प्रत मागून घ्यावी, मागे तारीख व डावा-उजवा डोळा लिहून ठेवावा आणि ती रेशनकार्डाबरोबर जपावी. पुढच्या तपासणीला जाताना ती सोबत न्यावी. वाटी मोठी आहे की मोठी होत चालली आहे, हे डॉक्टरांना दोन फोटो शेजारी ठेवूनच नीट सांगता येते.