डस्ट कलेक्टर घेताना, बसवताना

लाकडाच्या धुळीमुळे कर्करोग होतो, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये दिला. त्यामुळे सुतारकामाच्या कारखान्यात डस्ट कलेक्टरचा खर्च टाळू नये.

क्षमता : केवळ हॉर्सपॉवर नव्हे, हवेचा प्रवाह पाहा. टेबल सॉ किंवा लहान रंधा मशीनसाठी मिनिटाला साधारण ४०० घनफूट हवा ओढली गेली पाहिजे.

पाइप : ४ इंची पाइप साधारण ४०० घनफुटांचाच प्रवाह पेलतो. मोठ्या मशीनला ६ इंची मुख्य पाइप टाका. हवेचा वेग सेकंदाला २० मीटरच्या आसपास असला की भुसा पाइपात साचत नाही. काटकोनी वळणे टाळा, लवचीक नळी आखूड ठेवा.

झडपा : प्रत्येक फाट्यावर झडप हवी. चालू असलेल्या मशीनचीच उघडी ठेवा.

सायक्लोन : यात जड भुसा फिल्टरच्या आधीच खाली पडतो, त्यामुळे फिल्टर उशिरा चोंदतो.

फिल्टर : विरळ विणीची कापडी पिशवी सर्वांत घातक, बारीक धूळ पुन्हा खोलीत सोडते. १ मायक्रॉनपर्यंतचे कण अडवणारा फिल्टर निवडा.

सुरक्षा : धातूच्या पाइपांना अर्थिंग द्या. खिळे आणि ठिणग्या आत जाऊ देऊ नका. पॉलिश पेपर मारताना मास्क लावाच.