जुनी गाडी, महाग सर्व्हिस : कुठं हात आखडावा, कुठं नाही

दहा-बारा वर्षांची अल्टो किंवा वॅगनआर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेली, की बिल बघून मालकाच्या पोटात गोळा येतो. गाडीची किंमत उरलेली लाख-दीड लाख, आणि बिल त्या मानानं भलतंच. म्हणून वॉरंटी संपली की बेळगाव, खानापूर, निपाणीकडची बरीच मंडळी ओळखीच्या मेस्त्रीकडं वळतात. त्यात काही चूक नाही. प्रश्न एवढाच, की स्वस्त म्हणून गाडीत नेमकं काय ओतलं जातंय.

गाडीच्या पुस्तकात कंपनी आपल्याच नावाचं ऑइल सुचवते, पण त्याच पानावर एक नंबरही छापलेला असतो. इंजिन ऑइलसाठी एसएई म्हणजे ऑइल किती पातळ-घट्ट ते, आणि एपीआय म्हणजे त्याचा दर्जा. हे दोन्ही जुळले की डबा कुणाचाही चालतो. इंडियन ऑइलचं सर्व्हो किंवा भारत पेट्रोलियमचं मॅक पंपावर मिळतं, तेही याच मापावर बनतं. पेट्रोल गाड्यांच्या एपीआय दर्जात नवं अक्षर जुन्याची जागा घेतं. पुस्तकात एसएल लिहिलं असेल तर एसएन किंवा एसपी बिनधास्त घालावं. सुटं, पिंपातलं ऑइल मात्र नको. इंजिन धूर सोडतंय म्हणून मुद्दाम घट्ट ऑइल ओतायची जी पद्धत आहे, तिनं धूर थोडे दिवस दबतो, रिंगा काही नव्या होत नाहीत. जुनी गाडी विकत घेताना हे ध्यानात असलेलं बरं.

खरी गफलत होते ती कूलंटमध्ये. ‘कशाला कूलंट, पाणी घाला की’ हे वाक्य कुठल्याही गॅरेजात ऐकू येतं. बोअरच्या पाण्यात क्षार असतात, ते रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतात. वर हल्लीच्या इंजिनांचं हेड आणि रेडिएटर ॲल्युमिनियमचे, त्यांना साध्या पाण्यानं गंज चढतो. कूलंट या दोन्हींपासून वाचवतं, शिवाय त्याचा उत्कलनबिंदू पाण्यापेक्षा वर असतो. इंदूर-बडोद्याच्या उन्हाळ्यात गाडी चालवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. इथं पैसे वाचवायचे तर कॉन्सन्ट्रेट घ्यावं आणि डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात डिस्टिल्ड पाणी मिसळावं. तयार कूलंटपेक्षा ते बहुधा स्वस्त पडतं. हिरवं-लाल रंगावरून मात्र ठरवू नये, रंग हा काही दर्जा नव्हे. दोन जातींचं कूलंट एकत्र करण्यापेक्षा जुनं पूर्ण काढून नवं भरावं.

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकणारे मेस्त्रीही कमी नाहीत. मग इंजिन लवकर गरम होत नाही, पेट्रोल जास्त खातं आणि मूळ दुखणं तसंच राहतं. आधी रेडिएटरचं झाकण बदलून बघावं. ते दाब धरून ठेवतं, आणि दाब गेला की कूलंट लवकर उकळतं. झाकण काहीशे रुपयांचं. ते राहिलं आणि हेड गॅस्केट उडालं तर खर्च हजारांत जातो.

ब्रेक ऑइल हा तर जिवाशी खेळ. इथंही ब्रँड कुठलाही चालेल, पण झाकणावर डॉट 3 किंवा डॉट 4 जे लिहिलं असेल तेच घालावं. डॉट 3 च्या जागी डॉट 4 चालतं, उलटं नाही. सिलिकॉनचं डॉट 5 यातल्या कशातच मिसळायचं नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. नवं डॉट 3 किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल धरल्यावर ही मर्यादा 140 अंशांपर्यंत खाली येऊ शकते. गोव्याहून येताना चोर्ला किंवा आंबोली घाट उतरायचा नसतो, चढायचा असतो. पण जाताना तोच घाट भरल्या गाडीनं सतत ब्रेक दाबत उतरावा लागतो. अशा वेळी ऑइल उकळलं तर नळीत वाफ होते आणि पेडल थेट खाली जातं. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलावं. गॅरेजात महिनोन् महिने उघडी पडलेली अर्धी बाटली फुकट मिळाली तरी नको, सीलबंद छोटी बाटली आणावी.

ऑटोमॅटिक गाडीत, त्यातही सीव्हीटी असेल तर, पर्याय शोधूच नये. सीव्हीटीला तिचंच ऑइल लागतं. साधं ऑटोमॅटिकचं ऑइल घातलं तर आतला बेल्ट घसरून अख्खा गिअरबॉक्स जातो.

सुट्या भागांत मात्र बचतीला बराच वाव आहे. गाडी कंपन्या फिल्टर, प्लग, बेअरिंग स्वतः बनवत नाहीत. बॉश, ल्यूकास टीव्हीएस यांच्यासारखे पुरवठादार आपल्या डब्यात असेच भाग विकतात, तेही बऱ्याचदा कमी दरात. स्टार्टर किंवा अल्टरनेटर बंद पडला तर अख्खा बदलण्याआधी कार्बन ब्रश आणि बेअरिंग बघून घ्यावं. जुना पितळी रेडिएटर झाळून मिळतो. प्लास्टिक टाकीच्या रेडिएटरला एम-सील लावून वेळ मारता येते, घरी पोचण्यापुरती. ब्रेक पॅड आणि टायमिंग बेल्ट यांत स्वस्ताच्या नादी लागू नये. बेल्ट तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात.

एसीचा गॅस दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर कुठंतरी गळती आहे. ती शोधून काढणं दरवर्षीच्या भरण्यापेक्षा स्वस्त. अगदीच कमी दरात गॅस भरून देणाऱ्याकडं सिलिंडरवर आर 134 ए लिहिलंय का ते बघावं, कारण त्याच्या नावाखाली पेट घेणारा गॅसही भरला जातो.

पंधरा वर्षं झालेल्या खासगी कारचं आरसी नूतनीकरण एप्रिल 2022 पासून 600 वरून 5000 रुपयांवर गेलंय, आणि त्याआधी आरटीओत गाडी तपासली जाते. ती तारीख जवळ आली असेल तर ब्रेक आणि गळती ही दोन कामं आधी उरकून घ्यावीत.