मांजराच्या पिसवा

पावसाळ्यांत घरचें मांजर अंग खाजवूं लागतें, आणि मुलांच्या पोटऱ्यांवर तांबडे फोड उठतात. मग एखादी महागडी बाटली येते. चार दिवस बरे जातात, कीं पिसवा पुन्हां हजर! दोष बहुधा बाटलीचा नसतो. पिसवेची मादी दिवसाला ४०-५० अंडीं घालूं शकते. तीं अंगावरून गळून मांजराच्या गोणपाटांत व फरशीच्या फटींत पडतात. कोशांतील पिसू तर कित्येक महिने दडून राहते. म्हणून गोणपाट दर आठवड्यास कढत पाण्यांत धुवावें, फटी रोज झाडाव्या, आणि लिखांच्या फणीनें मांजराचे केंस विंचरून निघालेल्या पिसवा साबणाच्या पाण्यांत बुडवाव्या. हा क्रम निदान तीन महिने सोडूं नये. यांत खर्च असा नाहींच.

एवढ्यानें न भागल्यास मानेवर घालावयाचें फिप्रोनिलचें औषध पशुवैद्यास वय व वजन सांगून घ्यावें. मात्र काटकसरीपायीं कुत्र्याचें औषध मांजरास कदापि लावूं नये. त्यांत पर्मेथ्रिन असल्यास मांजराच्या यकृतास त्याचा निचरा करतां येत नाहीं. झटके येऊन तें दगावूं शकतें. घासलेट आणि कापूर या घरगुती उपायांचीहि आम्हांस धास्तीच वाटते. मांजर अंग चाटतें, आणि लावलेलें सारें त्याच्या पोटांत जातें.