विंचवाची कळ वेगळी, धोका वेगळा

विंचू चावलेला माणूस जिवाच्या आकांताने ओरडत दवाखान्यात आला, तरी जाणता डॉक्टर त्या ओरडण्यावरून धोका मोजत नाही. तो अंगाला घाम सुटलाय का पाहतो, उलटी झाली का विचारतो, हातपाय गार पडलेत का चाचपतो. कळ किती आणि धोका किती, ही दोन वेगळी मापं आहेत. ती वेगळी का, हे कळायला मज्जापेशीच्या आत शिरावं लागतं. धाराशिव जिल्ह्यात राहणाऱ्याने तर हे समजून घ्यायलाच हवं.

बालाघाटचा हा दगडाळ मुलूख. बांधावर रचलेले दगड, कडब्याच्या गंजी, सोयाबीनचं भुसकट, गोवऱ्यांचे ढीग ही सगळी विंचवाला सोयीची जागा. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर उमरगा-लोहारा भागात नव्या वसाहती उभ्या राहिल्या, पण जिल्ह्यातल्या जुन्या गावठाणांत दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदं अजून आहेत. त्यांच्या फटींतही विंचू राहतो. लोक घाबरतात ते मोठ्या काळ्या इंगळीला. महाराष्ट्रात जीव घेणारा विंचू मात्र लहानखुरा आणि तांबडा असतो. शास्त्रज्ञ त्याला हॉटेनटोटा टॅम्युलस म्हणतात.

समजा, पायाच्या अंगठ्याला नांगी बसली. इजेची वर्दी देणाऱ्या मज्जापेशींना चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०६ मध्ये ‘नॉसिसेप्टर’ हे नाव दिलं. अशा पेशीचा मुख्य भाग पाठीच्या कण्याशेजारच्या गाठीत असतो आणि तिथून निघालेला तिचा धागा थेट अंगठ्यापर्यंत जातो. म्हणजे एकच पेशी, जवळजवळ मीटरभर लांब! या धाग्यांचे दोन मुख्य प्रकार. काहींवर पातळ वेष्टण असतं. त्यांतून संदेश सेकंदाला पाच ते तीस मीटर वेगाने धावतो. ती पहिली, सुई टोचल्यासारखी कळ. बाकीचे उघडे आणि बारीक. त्यांतून संदेश सेकंदाला मीटरभर सरकतो. मागून येणारी, रेंगाळणारी आग त्यांची.

संदेश धावतो तो सोडियमच्या जोरावर. धाग्याच्या आवरणात सूक्ष्म दारं असतात. ती क्षणभर उघडतात, सोडियम आत घुसतं, विजेची लाट पुढे जाते आणि दार मिटतं. विंचवाच्या विषातली काही प्रथिनं ही दारं वेळेवर मिटूच देत नाहीत. उसाला पाणी देताना पाटाचं दारं फुटावं आणि पाणी वाहतच राहावं, तसं. जखम असते सुईच्या टोकाएवढी आणि मेंदूला मात्र इजेची खबर अखंड जात राहते.

पण अशी दारं फक्त वेदनेच्या पेशींवर नसतात. हृदयाची गती आणि रक्तवाहिन्यांचा ताण सांभाळणाऱ्या मज्जातंतूंवरही ती असतात. विष रक्तात पुरेसं पसरलं, की तेही बेफाम होतात आणि शरीरात ॲड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब भडकतो, हृदय थकतं, फुफ्फुसांत पाणी भरतं. माणूस दगावतो तो यामुळे, अंगठ्यातल्या आगीमुळे नाही.

हे जगाला रुग्णांच्या नोंदींतून दाखवून दिलं ते मराठवाड्याच्याच माणसाने. डॉ. हिंमतराव बावस्कर जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. १९७६ मध्ये ते महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचूदंशाचे रुग्ण डोळ्यांदेखत दगावताना पाहून त्यांनी रात्र-रात्र उशाशी बसून एकेकाची लक्षणं टिपली. १९८२ मध्ये ती निरीक्षणं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. पुढे रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध त्यांनी या रुग्णांना दिलं. आवळलेल्या रक्तवाहिन्या ते मोकळ्या करतं. गंभीर रुग्णांपैकी शंभरात तीस-चाळीस दगावत, तिथे हे प्रमाण एक-दोनवर आलं. २०११ मध्ये त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी ७० रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध केली. प्राझोसिनबरोबर प्रतिविष मिळालेले ३५ पैकी ३२ जण दहा तासांत सावरले. नुसतं प्राझोसिन मिळालेल्यांपैकी ८. खेड्यातल्या दवाखान्यातून इतकं मोलाचं विज्ञान उभं राहिल्याची उदाहरणं फार थोडी आहेत.

विंचू उतरवणाऱ्याच्या मंत्राने गुण का येतो, तेही यात दिसतं. बहुतेक दंशांत विष हृदयापर्यंत उपद्रव करतच नाही आणि कळ दिवसभरात आपोआप ओसरते. मंत्र टाकला काय, न टाकला काय, ती ओसरणारच. खरा घात होतो तो उरलेल्या थोड्या रुग्णांचा, विशेषतः लहान मुलांचा. कळीवर मंत्र चालू असताना आत हृदय थकत जातं आणि औषधाचे मोलाचे तास निघून जातात.

विषाची हीच करामत वेदनेच्या संशोधकांनाही उपयोगी पडली. अमेरिकेच्या वाळवंटातला टोळखाऊ उंदीर विंचू बिनघोर खातो. २०१३ मध्ये ॲश्ली रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं कारण शोधलं. वेदनेच्या पेशींतलं ‘एनएव्ही १.८’ नावाचं सोडियमचं दार त्याच्यात किंचित वेगळं घडलेलं आहे. विष त्याला चिकटतं आणि ते बंदच पाडतं. त्या उंदराला आधी विष टोचलं, तर नंतरच्या दुसऱ्या इजेची वेदनाही त्याला कमी होते!

माणसाच्या शरीरातलं हेच दार रोखणाऱ्या सुझेट्रिजिन या गोळीला अमेरिकेत ३० जानेवारी २०२५ रोजी मान्यता मिळाली. ती तीव्र, तात्पुरत्या वेदनेवर आहे. वेदनेच्या पेशींच्या दारावरच तिचं काम चालतं, त्यामुळे अफूच्या जातीच्या औषधांसारखं व्यसन लागण्याची भीती दिसलेली नाही. विंचूदंशासाठी मात्र तिची वाट पाहायला नको. दंशाच्या जागी टोचायचं लिग्नोकेन सोडियमची दारंच मिटतं आणि ते साध्या दवाखान्यातही असतं. त्याने कळ थांबते, विष थांबत नाही. म्हणून इंजेक्शनने बरं वाटलं तरी रुग्णाला, आणि लहान मुलाला तर नक्कीच, लगेच घरी नेऊ नये. घाम, उलटी, गार पडणारे हातपाय, नाडी आणि रक्तदाब यांवर डॉक्टरांची नजर काही तास राहू द्यावी.