अडुसष्ट वर्षांची चावी

"मॅडम, तिची पिन अडकलीय. आता ती दुसरं काही बोलायचीच नाही!"

वर्गातल्या एका मुलीने मैत्रिणीबद्दल अशी तक्रार केली, तेव्हा मी शिकवायची थांबले आणि विचारले, "कोणती पिन ग?" सारा वर्ग एकमेकांकडे पाहू लागला. कोणी म्हणाले, स्टेपलरची असेल. कोणी म्हणाले, केसांची. वाक्प्रचार सगळ्यांच्या तोंडी, पण ती पिन एकानेही पाहिलेली नाही! तबकडीच्या खाचेत अडकून तोच तोच शब्द पुन्हा पुन्हा म्हणायला लावणारी ग्रामोफोनची पिन मी फळ्यावर काढून दाखवली खरी. पण काढता काढता मनात आले, बाई, तू तरी ती कुठे वाजताना पाहिली आहेस?

आमच्या सदाशिव पेठेतल्या घरी ग्रामोफोन होता. कर्ण्याचा नव्हे, सुटकेससारखा, झाकण उघडून वाजवायचा. माझ्या आजोबांनी, म्हणजे नानांनी, तो १९३८ साली हौसेने घेतला होता. मला मात्र तो आठवतो तो पोटमाळ्यावर, जुन्या पंच्यात गुंडाळलेला आणि मुका. तो मुका कसा झाला याची कथा आमच्या घरात सत्यनारायणाच्या कथेसारखी ठरलेल्या प्रसंगी सांगितली जाई.

१९५६ सालची दिवाळी. द्विभाषिक मुंबई राज्य १ नोव्हेंबरला अस्तित्वात आले, ते हेच दिवस. वाड्यातली मोठी माणसे त्याच वादात गढलेली. नरक चतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपून नाना पूजेला बसले होते. बाबा तेव्हा दहा वर्षांचे. नानांची पूजा होईपर्यंत आपणच तबकडी लावून सर्वांना चकित करावे, असे त्यांच्या मनात आले. त्यांनी हँडल घालून चावी भरायला सुरुवात केली. भरता भरता पेटीच्या पोटात 'धप्प' असा आवाज झाला. बाबांनी घाबरून थाळी सोडली. ती दोन फेरे फिरली आणि थांबली ती थांबलीच. नाना सोवळ्यातच बाहेर आले. त्यांनी मारले नाही, रागावलेही नाहीत. एवढेच म्हणाले, "चावी जास्त दिलीस. स्प्रिंग मोडली."

कारकुनाच्या पगारात नवी स्प्रिंग कुठून यायची? पेटी पंच्यात गेली. पुढे घरात काहीही मोडले, कपाची कानशी असो की छत्रीची काडी, नाना सहज म्हणत, "आमच्या चिरंजीवांनी चावी जास्त दिली असेल!" सगळे हसत. बाबाही हसत. मात्र बाबांनी आयुष्यभर नळ कधी घट्ट बंद केला नाही, बरणीचे झाकण कधी पुरते आवळले नाही. मनगटातल्या घड्याळाला ते चावीही अर्धीच देत. त्यामुळे ते रोज पहाटे केव्हातरी बंद पडे, आणि सकाळी रेडिओच्या बातम्यांवर ते पुन्हा लावायचे, हा नित्यनेम. आम्हांला ही त्यांची गंमत वाटे.

२०२४ साली वाडा पाडून नवी इमारत उभारायचे ठरले. सामानाची वाटणी सुरू झाली. तांब्याचा बंब एकाने नेला, पाट दुसऱ्याने. ग्रामोफोनला कोणी दावेदार नव्हता. "जुन्या बाजारात देऊन टाका," बाबाच म्हणाले. त्यांचे ते घाईघाईने बोलणे मला कसेसेच वाटले. मी पेटी माझ्या घरी नेली.

पहिला धडा मला एका घड्याळवाल्याने दिला, तोही फोनवर. किल्लीच्या घड्याळांवर उभी हयात काढलेले हे साठीचे गृहस्थ. मी म्हटले, "स्प्रिंग मोडलीय, बदलून द्याल का?"

"कोणी सांगितलं मोडलीय?"

"आजोबांनी."

"ताई, आजोबांचं राहू द्या. हँडल फिरवून बघा. मोकळं फिरतं की घट्ट आहे?"

मी पाहिले. हँडल घट्ट होते. तसूभरही हलत नव्हते.

"मग स्प्रिंग मोडलेली नाही," ते शांतपणे म्हणाले. "मोडली असती तर हँडल गरगर मोकळं फिरलं असतं. स्प्रिंग शाबूत आहे आणि पूर्ण भरलेली आहे. आता तेल सोडू नका, जोर करू नका आणि पेटी रिक्षातून आणू तर मुळीच नका. मीच येतो."

अडुसष्ट वर्षे सारे घर ज्या गोष्टीवर हसत होते, ती एका प्रश्नात कोसळली. तो प्रश्न १९५६ साली कोणालाच सुचला नाही, कारण उत्तर आधीच मिळाले होते. दोषी समोर उभा होता, दहा वर्षांचा, ओल्या केसांचा.

घड्याळवाले काका आले त्या दिवशी मी बाबांना मुद्दाम बोलावून घेतले. काकांनी थाळी उचलून खालची फळी काढली आणि आतले यंत्र दाखवले. ग्रामोफोनला वीज लागत नाही. डब्यात गुंडाळलेली पोलादी पट्टी, म्हणजेच स्प्रिंग, सुटू पाहते आणि दात्यांमार्फत थाळी फिरवते. पण नुसते फिरून भागत नाही. मिनिटाला ७८ फेरे, ना कमी ना जास्त, हवेत. ते काम गव्हर्नरचे. तीन पातळ पट्ट्या आणि प्रत्येकीवर शिशाचे एक वजन. वेग वाढला की वजने बाहेर फाकतात, त्यांच्यामुळे एक छोटी चकती सरकते आणि चामड्याच्या तुकड्यावर घासून वेगाला लगाम घालते. वाफेच्या इंजिनासाठी जेम्स वॅटने १७८८ साली वापरलेली युक्तीच ही; इथे ती बोटभर जागेत मावलेली.

आमच्या गव्हर्नरची एक पट्टी स्क्रूच्या भोकापाशी तुटली होती. तिचे वजन लोंबून दात्यांत रुतले होते. सगळे यंत्र अडले होते ते तिथे.

"ही चावी जास्त दिल्यानं तुटली?" बाबांनी विचारले. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

"नाही हो काका. ही पट्टी रोज वाकून वाकून तुटते. १८ वर्षं वाजत होता ना? तिची वेळ भरली होती. त्या दिवशी तुमच्याऐवजी तुमच्या वडिलांनी चावी दिली असती तरी ती तुटलीच असती."

"पण आवाज झाला होता. आतून. धप्प असा."

काका काही बोलले नाहीत. त्यांनी हातमोजे घातले. मोटर खोलण्याआधी भरलेली स्प्रिंग उतरवावी लागते; नाहीतर ती हाताची बोटे घेऊन जाते. त्यांनी बाबांना थाळी दोन्ही तळव्यांनी धरून ठेवायला सांगितली आणि चिमट्याने रुतलेले वजन अलगद सोडवले. बाबा दचकले. थाळी त्यांच्या हातांना ओढत होती! १९५६ च्या पहाटे एका पोराने आपल्या मनगटाने भरलेला जोर त्या पेटीत तसाच कोंडून होता, आणि आज तो त्याच माणसाच्या तळव्यांतून उतरत होता. फेऱ्यामागून फेरे. दोनशेच्या पुढे आम्ही मोजायचे सोडून दिले.

आणि मध्येच पेटीच्या पोटातून आवाज आला: धप्प!

"हाच!" बाबा ओरडले. "हाच तो आवाज!"

"हे वाळलेलं ग्रीज," काका म्हणाले. "स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि जोर आला की एकदम सुटतात. आवाज मोठा, नुकसान काही नाही."

बाबा पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेले, ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी मागोमाग गेले नाही.

पुढची दुरुस्ती दीड महिना चालली. ज्यांच्या घरी अशी पेटी पडून असेल, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. स्प्रिंगचा डबा घरी उघडू नये, ते जाणत्याचे काम. आमचा डबा काकांनी दुकानात नेला. आतले ग्रीज काकवी आटून खडीसाखर व्हावी तसे झाले होते. ते धुऊन त्यांनी नवे ग्रॅफाइटचे ग्रीज भरले. गव्हर्नरच्या तिन्ही पट्ट्या बदलल्या. तुटली होती एकच; पण तिघींचा ताण सारखा नसेल तर वजने डगमगतात आणि गाणे थरथरते.

साउंडबॉक्स मात्र मी घरीच केला. पिनेची थरथर पातळ पडद्यावर पोचवून तिचा आवाज करणारी ती गोल डबी. पडद्याभोवतीचे रबर वाळून लाकूड झाले होते, म्हणून आवाज पत्र्यासारखा फुटला असता. पुण्याला एके काळी सायकलींचे शहर म्हणत, त्याचा इथे उपयोग झाला. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडून व्हॉल्व्ह ट्यूब आणली, बारीक कापून पडद्याच्या दोन्ही अंगांना बसवली. रबर मऊ पाहिजे आणि पडदा मध्यावर सैल नको, आवळलेलाही नको, एवढीच त्यातली मख्खी. तिसऱ्या खेपेला जमले.

तबकड्यांची गोष्ट निराळी. त्या लाखेच्या, बांगड्यांची असते तीच लाख, दगडाची पूड घालून दाबलेली. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणून त्या स्पिरिटने कधीही पुसू नयेत. कोमट पाणी, किंचित सौम्य साबण, मधला कागद कोरडा ठेवून मऊ फडक्याने खाचेच्या दिशेने पुसायचे. आणि पिन प्रत्येक बाजूला नवी! तबकडीतली पूड पिनेला घासून खाचेच्या मापाची करते. तीच पिन पुन्हा लावली तर ती खाच खरवडते. नानांच्या डबीतल्या पिना वापरलेल्या की कोऱ्या ते कळेना, तेव्हा सगळ्या बाजूला ठेवून नव्या मागवल्या.

बर्लिनरने १८८७ साली ग्रामोफोनचे पेटंट घेतले, आणि १९०२ साली कलकत्त्याला गौहरजानचे गाणे तबकडीवर उतरले. तेव्हा मुद्रण इथे होई आणि तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापून बोटीने येत. १९०८ साली कलकत्त्यालाच कारखाना निघाला. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे! 'स्वयंवर' नाटक १९१६ साली रंगभूमीवर आले, चाली भास्करबुवा बखल्यांच्या. बालगंधर्व 'वन्स मोअर'वर 'वन्स मोअर' घेत त्यातली पदे रात्र रात्र फुलवत. तबकडीवर मात्र त्यांना तीन मिनिटांत गाशा गुंडाळावा लागे. पण ज्यांना नाटकाचे तिकीट परवडत नव्हते त्या माझ्या नानांसारख्यांच्या घरी गंधर्व आले ते याच तीन मिनिटांच्या वाटेने. त्या पहाटे बाबांनी लावायला काढलेली तबकडीही 'स्वयंवर'चीच होती. ती त्याच पंच्यात, पेटीच्या झाकणात खोचलेली निघाली. कडेला एक टवका उडाला होता, खाचा शाबूत होत्या.

वेग तपासायची रीत सोपी. तबकडीखाली कागदाचा कपटा कडेला दिसेल असा ठेवायचा आणि मिनिटभर त्याचे फेरे मोजायचे. पहिल्यांदा ७१ आले. वेगाचा खटका थोडा सरकवला; ८०. पुन्हा मागे, ७८! मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

तरीही मी गाणे लावले नाही. दिवाळीपर्यंत थांबले.

२०२४ ची नरक चतुर्दशी. पहाटे उटणे लावून सगळ्यांची आंघोळ झाली. फराळाची ताटे मांडली. पेटी टेबलावर. हँडल मी बाबांच्या हाती दिले. आई म्हणाली, "अहो, बेताने!" आणि लगेच जीभ चावली.

बाबांनी दहा-बारा फेरे दिले आणि थांबून माझ्याकडे पाहिले. "बास?"

"अजून द्या, बाबा."

आणखी दहा. पुन्हा थांबले. घड्याळवाल्या काकांना मी फराळाला बोलावले होते. ते चकली मोडत म्हणाले, "भरा हो. स्प्रिंग भरण्यासाठीच असते. ती थांबली की आपणही थांबायचं, एवढंच."

बाबांनी चावी भरली. शेवटापर्यंत. आतून काही आवाज आला नाही. मी नवी पिन लावली, बाबांनी ती कडेला टेकवली. आधी खरखर आली, पावसासारखी. आणि तिच्या पलीकडून बालगंधर्व.

तीन मिनिटांत गाणे संपले. कोणी काही बोलले नाही. माझा मुलगा पहिला बोलला, "आजोबा, वन्स मोअर!" आणि आम्ही सगळे हसलो. बाबांनी तबकडी उलटी केली, पिन बदलायला विसरले, मी आठवण केली.

त्या दिवशी ते आमच्याकडेच राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीने मी रेडिओ लावला आणि म्हटले, "बाबा, घड्याळ लावून घ्या, बातम्या सुरू झाल्या."

त्यांनी मनगट पुढे केले. घड्याळ चालू होते, आणि वेळ अगदी बरोबर दाखवत होते.

"रात्री चावी पुरती दिली," ते म्हणाले आणि चहाचा कप उचलला.