पिस्तूल नको, आवाज हवा. विद्यार्थ्यांचा थरारपट कसा बनतो?

कळंबोलीत पाच मिनिटांचा थरारपट करायचा, तर लोकेशन दारातच आहे: रात्रीचा लोखंड बाजार, ट्रेलरच्या रांगा, सिडकोच्या इमारतींचे जिने. अडचण येते ती प्रकाशाची आणि गोंगाटाची.

प्रकाश का लुकलुकतो?
आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. त्यामुळे जुन्या ट्यूबलाइट, स्वस्त एलईडी सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते कळत नाही, पण मोबाइलच्या फुटेजमध्ये पट्टे सरकताना दिसतात. उपाय सोपा आहे: 25 फ्रेम आणि 1/50 शटर.

आवाजाचं काय?
महामार्गाजवळ संवाद स्वच्छ मिळत नाहीत. ते कमी ठेवा, कॉलर माइक लावा. प्रत्येक जागेचा नुसता आवाजही मिनिटभर रेकॉर्ड करा. एडिटिंगमध्ये शॉट जोडताना तोच कामी येतो. उमेश कुलकर्णी यांच्या ‘गिरणी’ या एफटीआयआयमधल्या, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या लघुपटात घरातल्या पिठाच्या गिरणीची घरघरच मुलाला छळते.

धोका कुठे?
रस्त्यावर खेळण्यातलं पिस्तूल काढलं, की लांबून बघणाऱ्याला कॅमेरा दिसत नाही, पिस्तूल दिसतं. त्याने 112 वर फोन केला, तर पोलीस शस्त्र खरं समजूनच येणार. म्हणून असं दृश्य हवंच असेल तर पोलीस ठाण्यात आधी लेखी कळवा, सोसायटीची परवानगी घ्या. द्रुतगती मार्गावर पायी जायला बंदीच आहे. तो मोह टाळा.

मग थरार कसा आणायचा?
जिन्यात पावलं वाजतात, दारापाशी थांबतात. बेल मात्र वाजत नाही. हे घरातच शूट होतं.